टपलीने काही होत नाही

मी एक जुना ठोक्या आहे. माझं खरं नाव लांबलचक आहे. ते माझ्या फाईलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे आणि दुसऱ्या पानापासून पुढे कुणी वापरलेलं नाही. मित्रांनो, तुम्ही आजवर जुन्या छत्र्यांच्या आणि फाटक्या पुस्तकांच्या कहाण्या पुष्कळ वाचल्या असतील. त्यांनी कुणाला आसरा दिला, कुणाला शहाणं केलं. माझ्या हातून तसलं काही झालं नाही. मी आयुष्यभर मारत आलो. माझा धंदाच मारण्याचा होता, आणि मी मारायचो तेही थेट माणसाच्या मेंदूवर.

एवढ्यात पान उलटू नका. तो मेंदू कुणाच्या डोक्यातला नसायचा. प्रयोगशाळेत माणसाच्या मेंदूच्या पेशी वाढवून, त्यांचे एकावर एक थर छापून केलेला तो मसुराच्या डाळीएवढा तुकडा असायचा. पण खोटं कशाला बोलू, मारताना मला मजा यायची. खिट्टी निघाली की माझं पितळी वजन नळीतून सुसाट खाली यायचं आणि टक् असा आवाज व्हायचा. समोरची माणसं दचकायची आणि मला आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटायचं.

माझा जन्म एका लेथच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. दोन लेथ, एक ड्रिल, आणि जमिनीवर पायाला टोचणारा लोखंडाचा कीस. तिथले लेथवाले काका उजव्या हाताच्या साडेतीन बोटांवर काम करायचे. उरलेलं दीड बोट त्यांच्या जुन्या लेथने ओढून नेलं होतं, आणि ते कसं गेलं हे सांगताना ते इतक्या बारकाईने सांगायचे की ऐकणारा चहा खाली ठेवून द्यायचा. एके दिवशी एक बाई हातात चित्र घेऊन तिथे आल्या. केस बारीक कापलेले, बोलणं मोजकं. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या आणि सगळे त्यांना मॅडम म्हणत.

"मेंदू ठोकायचं यंत्र हवंय," मॅडम म्हणाल्या.

काकांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. "त्याला यंत्र कशाला, मॅडम? माझे दोन मुलगे रोज तेच काम करतात."

मॅडम हसल्या नाहीत. अपघातात, खेळात, मारामारीत डोक्याला मार बसला की आत नक्की काय होतं ते त्यांना पाहायचं होतं. माणसाचं डोकं उघडून ते पाहता येत नाही आणि उंदराचा मेंदू माणसासारखा नसतो. म्हणून त्या माणसाच्याच पेशींचे तुकडे तयार करणार होत्या आणि त्यांना मोजून मापून मार देणार होत्या. प्रत्येक ठोका अगदी सारखा पडायला हवा होता, आणि माणसाचा हात दोनदा सारखा मारत नाही.

काकांनी मला आठ दिवसांत घडवलं. खाली जड लोखंडी पाट, त्यावर उभा पोलादी दांडा, दांड्याला चिकटून नळी आणि नळीत बोराएवढं पितळी वजन. दांड्यावर पाच खाचा. ज्या खाचेत खिट्टी लावाल तेवढ्या उंचीवरून वजन पडणार. काकांनी मला आधी वाटीभर जेलीवर चालवून पाहिलं. पहिल्याच ठोक्यात वाटीचे तीन तुकडे झाले आणि जेली काकांच्या मिश्यांना लागली. ते खूश झाले. मीही झालो.

प्रयोगशाळेत आल्यावर मला माझे शेजारी भेटले. डावीकडे छापणारं यंत्र होतं. केकवर क्रीमची नक्षी काढावी तसं ते बारीक सुईतून पेशी मिसळलेला चिकट रस थेंबाथेंबाने सोडायचं आणि थरावर थर चढवायचं. समोर उबपेटी होती. तिच्यात माणसाच्या अंगाइतकी ऊब असायची. छापलेले तुकडे उथळ भांड्यांत घालून सहा आठवडे तिथे ठेवत. दिवसाआड त्यांचं गुलाबी खाद्य बदलायचं. हळूहळू पेशींना धागे फुटायचे, ते धागे एकमेकींना जाऊन भेटायचे, आणि त्यांच्यात विजेची बारीक देवघेव सुरू व्हायची. भांड्याच्या तळाशी केसासारख्या तारा होत्या. त्या ही देवघेव पकडून पडद्यावर उड्या मारणाऱ्या रेषा दाखवायच्या. प्रयोगशाळेत तिला कुजबुज म्हणत.

पेशींना वाढवण्याचं सगळं काम ताई करायची. ती मॅडमची तंत्रज्ञ होती. वय पस्तिशीच्या आतबाहेर, आवाज खणखणीत. हात इतका हलका की गुलाबी पाण्यावर तरंगही उठायचा नाही. माझ्या पाच खाचांना मॅडमच्या फाईलमध्ये सेंटिमीटरचे आकडे होते. पण आल्या दिवशीच ताईने मार्कर घेऊन त्यांच्यापुढे खालून वर पाच शब्द लिहिले: टपली, चापट, धपाटा, रट्टा, तडाखा.

"सेंटिमीटरने मार कळत नाही, मॅडम," ती म्हणाली. "हे लहानपणापासून पाठ आहेत."

मॅडमना हे पटलं असावं, कारण त्यांनी शब्द पुसले नाहीत. त्यांनी फक्त माझ्या पाटावर एक चिठ्ठी चिकटवली: एका भांड्याला एका दिवशी एकच ठोका.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. मी बदड बदड बदडलं. तडाख्याने तुकडा फाटून दोन व्हायचा. रट्ट्याने त्याच्या मधोमध खड्डा पडायचा. दुसऱ्या दिवशी ताई त्याला दोन रंग पाजायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. जिवंत पेशी हिरव्या दिसत, मेलेल्या लाल. तडाख्याचं भांडं म्हणजे रक्ताचं थारोळं दिसायचं. धपाट्यात लाल ठिपके, चापटीत तुरळक. आणि टपली? टपलीनंतर सगळं हिरवंगार. ताई मोजायची, लिहायची आणि भांडं जंतुनाशकाच्या बादलीत बुडवायची. टपलीची अशी साठ भांडी झाल्यावर फाईलमध्ये एक वाक्य छापलं गेलं: टपली निरुपद्रवी आहे.

माझं फार कौतुक झालं. माझा फोटो एका जाडजूड अंकात आला. दूरदूरचे डॉक्टर येऊन माझी खिट्टी ओढून पाहायचे. एकाने मला अत्यंत प्रामाणिक यंत्र म्हटलं. मित्रांनो, मी तेव्हा हुरळून गेलो. ते वाक्य उद्या कुणाच्या डोक्यावर जाऊन पडेल, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

ते पडायचं होतं ताईच्या धाकट्या भावाच्या डोक्यावर.

सगळे त्याला पठ्ठ्या म्हणत. तो मुष्टियुद्ध खेळायचा. नाक बसलेलं, भुवयांवर टाक्यांचे व्रण, हात माझ्या पाटाएवढे रुंद. बारा वर्षांत तो एकदाही आडवा झाला नव्हता आणि हे तो ओळख नसलेल्या माणसालाही सांगायचा. दुपारी ताईला भेटायला आला की तो माझ्याशी खेळायचा. एकदा त्याने गंमत म्हणून माझ्याखाली स्वतःचं बोट ठेवलं आणि तडाख्याच्या खाचेची खिट्टी ओढली. नख काळंनिळं झालं, टेबलावर रक्त ठिबकलं आणि तो खदाखदा हसला. मॅडम त्याला खूप बोलल्या. मला मात्र तो आवडायचा. आम्ही दोघं एकाच धंद्यातले होतो.

मॅडमना पेशी तयार करायला निरनिराळ्या माणसांचं रक्त लागायचं. पठ्ठ्याने फॉर्मवर सही करून आपलं दिलं. त्या रक्तातल्या पेशींना आधी तान्हं करायचं आणि मग मेंदूच्या पेशी होण्याच्या वाटेला लावायचं, अशी ती रीत होती. त्यामुळे उबपेटीत वाढू लागला तो पठ्ठ्याचा कोराकरकरीत मेंदू. त्याला अजून कुणी बोट लावलं नव्हतं. झाकणांवर नाव नसायचं, फक्त खुणेचा निळा ठिपका. पण तो ठिपका असलेल्या भांड्यांशी ताई काम करताना बोलायची, हे मी पाहिलं आहे.

त्याच सुमारास ती पठ्ठ्याबद्दलही बोलायला लागली. भांड्यांचं खाद्य बदलता बदलता ती मॅडमना सांगायची.

"काल त्याने लिफ्टचा आरसा फोडला. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली म्हणून."

"मग?"

"तिसराच मजला दाबला होता त्याने."

पुढच्या आठवड्यात याहून वाईट ऐकलं. सराव संपल्याची घंटा वाजली तरी पठ्ठ्या थांबला नव्हता. जोडीदाराने हात खाली घेतले होते. त्या उघड्या तोंडावर तो मारत राहिला. तिघांनी मिळून त्याला ओढलं तेव्हा त्या जोडीदाराचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता आणि दोन दात पठ्ठ्याच्या ग्लोव्हजमध्ये रुतले होते. तो माणूस आता नळीने पातळ अन्न घेत होता. दोघं शाळेपासूनचे मित्र होते.

ताईने भावाला लढती सोडायला सांगितलं. ती सांगायची तेव्हा तो माझ्या दांड्यावर टपलीच्या खाचेशी बोट आपटायचा.

"मी पडलोय का कधी? सरावात लागतं ते सगळं हे, खालचं. टपलीने काही होत नाही, असं तुमच्याच फाईलमध्ये लिहिलंय ना?"

ते ताईनेच मोजलं होतं आणि ताईनेच लिहिलं होतं. पठ्ठ्याची मोठी लढत जवळ आली होती. समोरचा गडी डोक्यावर मारण्याबद्दलच ओळखला जायचा. आणि माझ्या साठ हिरव्यागार भांड्यांनी पठ्ठ्याला जाऊ दिलं होतं. मला पहिल्यांदाच स्वतःची थोडी भीती वाटली.

मग ती चूक झाली.

ताईच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. ताई बारा दिवस रजेवर गेली. जाण्यापूर्वी तिने निळ्या ठिपक्याची सहा भांडी तयार करून ठेवली आणि प्रत्येकाच्या झाकणावर मार्करने लिहिलं: टपली १. म्हणजे एक टपली मारायची, दुसऱ्या दिवशी रंग घालून मोजायचं. तिच्या जागी नुकताच रुजू झालेला एक संशोधक काम बघणार होता. तिशीतला, जाड चष्म्याचा, सज्जन माणूस. सगळे त्याला चष्मेवाला म्हणत. त्याचं सगळं शिक्षण इंग्रजी आकड्यांत झालं होतं. आपला देवनागरी एक आणि त्यांचा इंग्रजी नऊ हे जाड मार्करने, घाईत, गोल झाकणावर लिहिले की जुळे भाऊ दिसतात.

चष्मेवाल्याने वाचलं: टपली नऊ.

त्याला विचित्र वाटलं असणार. पण पहिल्याच आठवड्यात त्याने ताईला इतके प्रश्न विचारले होते की ती वैतागून म्हणाली होती, "झाकणावर लिहिलंय तेवढं वाचा आणि तेवढंच करा." ते त्याने अगदी पक्कं लक्षात ठेवलं होतं. माझ्या पाटावरची चिठ्ठीही त्याने वाचली. एका भांड्याला एका दिवशी एकच ठोका. झालं. रोज सकाळी तो सहा भांडी माझ्याखाली आणायचा आणि प्रत्येकाला एक टपली द्यायचा. नऊ दिवस. एकाच भांड्यावर दुसऱ्यांदा पडण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ होती. मला काही वेगळं जाणवलं नाही. आवाज तोच, उंची तीच.

ताई परत आली आणि तिने वही उघडली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा आठवड्यांची वाढ, तीही भावाच्या पेशींची, वाया गेली म्हणून तिने चष्मेवाल्याला उभं आडवं झाडलं. तो बिचारा झाकण हातात घेऊन म्हणत होता, "पण हा नऊच आहे ना?" ताई भांडी बादलीत टाकणार इतक्यात मॅडम म्हणाल्या, "आता मारलीच आहेत तर मोजून तरी टाक."

ताईने एका भांड्यात रंग घातला. सगळं हिरवं. नऊ टपल्या खाऊनही सगळ्या पेशी जिवंत होत्या. मी मनात छाती फुगवली. बाकीची पाच भांडी चष्मेवाल्याने, आपली चूक थोडी तरी भरून निघावी म्हणून, रंग घालण्याआधी कुजबुजीच्या तारांवर ठेवली. हे कुणी कधी करत नसे. दुसऱ्याच दिवशी रंग पाजायचा आणि भांडं फेकायचं, एवढीच तर रीत होती.

पडद्यावर रेष सरळ होती.

ताईने तार हलवून पाहिली. दुसरं भांडं ठेवलं, तिसरं ठेवलं. तीही गप्प. मग तिने सूक्ष्मदर्शकाखाली धागे पाहिले. ते जागोजागी फुगले होते आणि मधूनमधून तुटले होते. पेशी जिवंत होत्या, पण एकीचं दुसरीपर्यंत काही पोहोचत नव्हतं. घरात माणसं आहेत आणि कुणी कुणाशी बोलत नाही, तसं ते दिसत होतं. मित्रांनो, मी जिवंत आणि मेलेले एवढाच हिशेब शिकलो होतो. हे तिसरं मला ठाऊकच नव्हतं.

ताई खुर्चीत बसली. "बारा दिवसांनी त्याची लढत आहे," ती म्हणाली.

"एका चुकीवरून काही सिद्ध होत नाही," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा करू. नीट करू."

तेव्हा उबपेटीत निळ्या ठिपक्याची बारा भांडी तयार होती. सहांना रोज एक टपली, सहांना नुसतंच माझ्याखाली ठेवून परत न्यायचं. आता नऊ ताईने अक्षरात लिहिला. ते नऊ दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस. खिट्टी ओढताना ताई तोंड फिरवायची. तो कोरा मेंदू कुणाचा आहे हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि तरी मी पडतच होतो. मला थांबता येत नाही. माझ्यात तशी सोयच नाही.

दहाव्या दिवशी सकाळी चष्मेवाल्याने सगळ्या झाकणांवर कागदाची पट्टी चिकटवली, म्हणजे कुठलं भांडं मार खाल्लेलं आहे ते पाहणाऱ्याला कळू नये. ताईने एकेक भांडं तारांवर ठेवलं आणि काय दिसतं ते सांगितलं. सहा बोलत होती, चार गप्प होती आणि दोन अडखळत होती. पट्ट्या काढल्या. गप्प चार आणि अडखळणारी दोन, सहाही माझ्याच हातची होती.

"भावाला दाखव," मॅडम म्हणाल्या. "पण हेही सांग की हे भांडं आहे, माणूस नाही. याला कवटी नाही, रक्त नाही, सावरायला कुणी नाही. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते यावरून आपल्याला छातीठोकपणे सांगता येणार नाही. खोटं बोलून थांबवू नकोस."

दुपारी पठ्ठ्या आला. लढत दोन दिवसांवर होती. वजन उतरवायला तो उपाशी होता आणि डोळे आत गेले होते. ताईने आधी न मारलेलं भांडं ठेवलं. पडद्यावर रेषा उड्या मारू लागल्या.

"हे काय?"

"तू आहेस. तुझ्या रक्तापासून केलेला. सात आठवड्यांचा."

तो पडद्याशी वाकला. त्याचा तो ठोकून ठोकून चपटा झालेला चेहरा एकदम मऊ झाला. "किती बडबडतोय," तो म्हणाला.

मग तिने दुसरं भांडं ठेवलं. सरळ रेष.

"मेला का हा?"

"नाही. जिवंत आहे. नऊ दिवस रोज एक टपली खाल्ली, बस."

तो बघत राहिला. मॅडमनी कवटीचं, रक्ताचं सगळं समजावून सांगितलं. तो मान हलवत होता. मग त्याने पुन्हा विचारलं, "मेला का हा?"

"नाही रे. जिवंत आहे."

थोडा वेळ गेला. "पण मेला का हा?" त्याने त्याच आवाजात विचारलं.

ताईने भांडं तारांवरून काढलं. "तू हेच तिसऱ्यांदा विचारतोयस," ती म्हणाली.

एवढंच पुरलं. पठ्ठ्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. "मला वेडा ठरवायचंय तुम्हाला," तो म्हणाला. त्याने पडद्यावर ठोसा मारला. काच त्याच्या मुठीत घुसली. मग त्याची नजर माझ्यावर पडली. "आणि हा मारतो काय मला?" त्याने मला दांड्याला धरून उचललं आणि टेबलावर आपटलं. पुन्हा आपटलं. भांडी उडाली, गुलाबी पाणी भिंतीवर उडालं, सूक्ष्मदर्शक खाली कोसळला. माझा दांडा वाकला. आयुष्यात पहिल्यांदा मी मार खात होतो, आणि मार किती एकटा असतो ते मला तेव्हा कळलं.

चष्मेवाला मध्ये पडला. पठ्ठ्याच्या एका ठोशात त्याचा चष्मा फुटला, नाक फुटलं आणि तो कपाटावर जाऊन आदळला. ताईने भावाला मागून मिठी मारली. त्याने न बघता कोपर मागे मारलं. ते तिच्या कानावर बसलं. ती खाली पडताना तिचं डोकं टेबलाच्या कडेला लागलं, आणि तो आवाज मी ओळखला. तो टपलीचा नव्हता.

ती उठली नाही. फरशीवर रक्त पसरायला लागलं. पठ्ठ्या धापा टाकत उभा होता. त्याने मला टेबलावर टाकलं आणि दार ढकलून निघून गेला.

ताईला कानामागे सात टाके पडले. मॅडमनी तिला आपल्या घरी नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला कानावर पट्टी बांधून ती प्रयोगशाळा आवरायला आली. मॅडम रागावल्या, पण ती ऐकेना. चष्मेवालाही आला, नाकात कापूस घालून. दोघं काचा गोळा करत होते तेव्हा दार उघडलं आणि पठ्ठ्या आत आला. उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला. चेहरा हसरा.

"आज वजन करायचंय संध्याकाळी. म्हटलं ताईला भेटून जावं," तो म्हणाला. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि हसू मावळलं. "ताई, कानाला काय झालं?"

ताईचा हात पट्टीकडे गेला.

"कुणी मारलं तुला?" त्याचा आवाज चढला. त्याच्या मुठी वळल्या. "नाव सांग. आत्ता जाऊन त्याचे हात मोडतो."

तो नाटक करत नव्हता. मी त्याच्या चेहऱ्यासमोरच, टेबलावर आडवा पडलो होतो. त्याला खरंच आठवत नव्हतं.

ताईने झाडू भिंतीला टेकवला. ती त्याच्यापासून हातभर लांब उभी राहिली, आणि हे अंतर त्याच्याही लक्षात आलं. "तू मारलंस," ती म्हणाली. "काल दुपारी. इथेच."

"मी? तुला?"

त्याने चष्मेवाल्याकडे पाहिलं. चष्मेवाल्याने मान हलवली आणि स्वतःच्या नाकाकडे बोट केलं. "हेही," तो म्हणाला.

पठ्ठ्याने हाताचा रुमाल सोडला. मुठीत काचेचे बारीक तुकडे होते. त्याने फुटलेल्या पडद्याकडे पाहिलं, माझ्या वाकलेल्या दांड्याकडे पाहिलं. मग तो जमिनीवरच बसला, बारा वर्षांत पहिल्यांदा, कुणी न मारता. तो रडला नाही. बराच वेळ तो नुसता त्या हाताकडे बघत होता. त्याच्याकडे बघताना मला माझीच लाज वाटत होती.

शेवटी तो म्हणाला, "लिहून दे."

"काय लिहू?"

"हेच. मी संध्याकाळपर्यंत विसरेन. मग मी जाईन."

ताईने प्रयोगाच्या वहीतलं पान फाडलं आणि लिहिलं. पठ्ठ्याने पान वाचलं, खाली सही केली आणि घडी घालून खिशात ठेवलं. चारच्या सुमाराला त्याचा फोन वाजला. त्याच्या वस्तादांचा होता. वजनाला अजून निघाला कसा नाहीस, असं ते विचारत होते. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"निघालोच," म्हणत पठ्ठ्या उठला. दारापर्यंत गेला. मग खिशात हात घातल्यावर कागद लागला. त्याने तो उघडला आणि शाळेतल्या मुलासारखा, शब्दावर बोट ठेवून मोठ्याने वाचला.

"मी उद्या लढणार नाही. काल मी माझ्या बहिणीला मारलं आणि मला ते आठवत नाही."

पलीकडून वस्ताद कडाडले, "हे कुणी लिहून दिलं तुला?"

"बहिणीने," पठ्ठ्या म्हणाला. "पण सही माझी आहे."

त्याने फोन ठेवला आणि ताईकडे वळून विचारलं, "बरोबर वाचलं ना?"

मित्रांनो, हे होऊन आता बरीच वर्षं झाली. पठ्ठ्या पुन्हा लढला नाही. तो बरा झाला असंही मी सांगणार नाही. काही दिवस चांगले जातात. काही दिवस तो बॅग भरून दारात उभा असतो आणि ताई त्याला तो कागद वाचायला देते. घडीवर फाटला म्हणून आता तिने त्याला पारदर्शक चिकटपट्टी लावली आहे. मॅडमनी फाईलमधलं ते वाक्य खोडलं आणि खोडल्याचं कारण चार पानं भरून लिहिलं. आता भांडी दुसऱ्या दिवशी फेकत नाहीत. दहाव्या दिवशीही ऐकतात, तिसाव्या दिवशीही ऐकतात. मारायचं काम मोटर लावलेलं एक नवं यंत्र करतं. मी वाकल्या दांड्यासह कपाटावर पडून आहे. वर धूळ बसली आहे. माझी तक्रार नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. खेळताना, भांडताना, गाडीवरून पडताना कुणाच्या डोक्याला लागलं आणि तो उठून हसत म्हणाला की काही झालं नाही, तर तेवढ्यावर त्याला सोडून जाऊ नका. त्याला दुसऱ्या दिवशी विचारा, आठवड्याने विचारा, महिन्यानेही विचारा. तो तेच तेच बोलत असेल, विनाकारण चिडत असेल, तर त्याला हसू नका, मोठ्या माणसांना सांगा. मी हजारो मेंदूंवर पडलो आणि एकालाही कधी विचारलं नाही की तुला कसं वाटतंय. मला फक्त मारता येत होतं. तुम्हाला विचारता येतं.